बारामतीच्या उन्हात मिठाचा तलाव: क्लोरीन टिकवण्याचा खरा खर्च

पुण्याच्या विक्रेत्याकडून फार्महाऊसवरच्या पोहण्याच्या तलावासाठी ‘सॉल्ट क्लोरिनेटर’चं कोटेशन मागवा. त्यात यंत्राची किंमत असते, मिठाच्या गोण्या असतात, बसवण्याची मजुरी आणि जीएसटी असतो. ऊन आणि बोअरचं पाणी यांचा त्यात कुठे उल्लेख नसतो. लोणावळ्याच्या बंगल्याला ते कोटेशन चालून जातं. तिथे आभाळातून मऊ पाणी भरभरून पडतं आणि तलाव दर पावसाळ्यात आपोआप निम्मा बदलला जातो. बारामती आणि इंदापूर पर्जन्यछायेत. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा परतीचा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकलेला. त्यामुळे इथला खर्च वेगळा मांडावा लागतो.

पुढचा सगळा हिशेब १० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावाचा आहे. म्हणजे ६० हजार लिटर. पळशीवाडीपासून भिगवणपर्यंत शेतघरांवर, कृषी पर्यटन केंद्रांवर आणि उजनीकाठच्या रिसॉर्टवर साधारण याच मापाचे तलाव बांधले जातात. तुमचा मोठा-लहान असेल तर त्रैराशिक मांडा. एवढ्या पाण्यात १ पीपीएम क्लोरीन म्हणजे ६० ग्रॅम, हे एक माप पाठ असलं की विक्रेत्याशी बोलणं सोपं जातं. रुपयांचे आकडे हिशेबासाठी धरलेले गोल आकडे आहेत. तुमच्या हातातल्या कोटेशनचे आकडे त्यांच्या जागी घाला, पद्धत तीच राहते.

मीठ टाकलं, मग क्लोरीन कशाला?

मिठाच्या तलावात क्लोरीन नसतं, हा समज विक्रेते मोडत नाहीत, कारण त्यावरच विक्री होते. खरं तर हे यंत्र म्हणजे तुमच्या पंपघरातला क्लोरीनचा छोटा कारखाना. पाण्यात लिटरमागे सव्वातीन ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळवायचं. समुद्राच्या पाण्यात असतं त्याच्या दहाव्या हिश्शाएवढंच ते होतं, म्हणून जिभेला जेमतेम लागतं. हे पाणी सेलमधल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांमधून जातं. पट्ट्यांवर रुथेनियम किंवा इरिडियम यांच्या ऑक्साईडचा मुलामा असतो. वीज सोडली की मिठातून क्लोरीन सुटतं, ते पाण्यात मिसळून जंतू मारतं आणि काम झालं की पुन्हा मीठ होतं. मीठ संपत नाही. बॅकवॉशबरोबर (गाळणी उलट्या पाण्याने धुताना) आणि अंगाला लागून बाहेर उडालेल्या पाण्याबरोबर तेवढं जातं.

आपल्या ६० हजार लिटरला साधारण २०० किलो मीठ लागतं, म्हणजे पन्नास किलोच्या चार गोण्या. किलोला १५ रुपये धरले तर ३ हजार. मीठ शुद्ध घ्या. मिठागरातलं खडे मीठ स्वस्त पडतं, पण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि गाळ येतो, आणि कॅल्शियमशी आपलं पुढे मोठं भांडण आहे. आयोडिनयुक्त मीठ नको, जनावरांच्या चाटणाचं तर नकोच. वॉटर सॉफ्टनरसाठी मिळणारं मीठ चालतं. एक खाचखळगा असा की बोअरच्या पाण्यात मुळातच क्लोराईड असतं. चार गोण्या एकदम ओतू नका. तीन टाका, पंप एक दिवस फिरवा, मोजा, मग चौथीचा विचार करा. जास्त झालेलं मीठ काढायला पाणी ओतून देण्यावाचून उपाय नाही. मोजायला पाचशे रुपयांचा टीडीएस मीटर वापरू नका. तो बोअरच्या क्षारांनाही मीठच समजतो. क्लोराईड मोजणाऱ्या पट्ट्या मिळतात, त्या घ्या.

दुपारी बाराचं ऊन

उन्हातली अतिनील किरणं पाण्यातलं क्लोरीन मोडतात. झाकण नाही, सावली नाही आणि पाण्यात सायन्युरिक ॲसिड नाही, अशा तलावात भर दुपारी निम्मं क्लोरीन तासाभरात जातं. आता सेलचं गणित पाहा. तासाला २५ ग्रॅम क्लोरीन बनवणारा सेल आपल्या तलावात तासाला जेमतेम ०.४ पीपीएम भर घालतो. ऊन तासाला निम्मं नेतं आणि सेल ०.४ घालतो, तर पातळी कुठे थांबेल? अर्ध्या-पाऊण पीपीएमवर. यंत्र शंभर टक्क्यांवर ठेवा, दिवसभर चालवा, बिल भरा, तरी पाणी हिरवं होणारच. ‘मशीन खराब आहे’ म्हणून होणाऱ्या बऱ्याचशा तक्रारींमध्ये मशीन धडधाकट असतं.

यावरचा उपाय म्हणजे सायन्युरिक ॲसिड. दुकानात ते स्टॅबिलायझर किंवा कंडिशनर या नावाने मिळतं. ते क्लोरीनला सैल धरून ठेवतं, उन्हापासून वाचवतं आणि गरजेप्रमाणे सोडतं. हाताने क्लोरीन टाकायच्या तलावाला ३० ते ५० पीपीएम पुरतं. मिठाच्या तलावाला आपल्या उन्हात ६० ते ८० ठेवावं. सत्तर धरलं तर ४.२ किलो पावडर लागेल, किलोला ३५० रुपयांनी दीड हजाराच्या आत. अख्ख्या तलावात याहून स्वस्तात जास्त काम करणारी वस्तू नाही, आणि नेमकी हीच बहुतेक कोटेशनांमधून गायब असते.

ती टाकायची रीत अशी. जुना सुती पायमोजा किंवा उशीची खोळ घ्या, त्यात पावडर भरा, पाणी परत येतं त्या तोंडासमोर बांधून लटकवा आणि अधूनमधून पिळा. विरघळायला दोन-चार दिवस लागतात. थेट तलावात ओतली तर तळाशी बसून राहते. फिल्टरमधून बॅकवॉश लगेच केला तर विकत घेतलेली पावडर गटारात जाते.

स्टॅबिलायझर वाढलं की क्लोरीनची किमान पातळीही वाढवावी लागते, कारण धरून ठेवलेलं क्लोरीन हळू काम करतं. मिठाच्या तलावात स्टॅबिलायझरच्या सुमारे पाच टक्के मोकळं क्लोरीन असावं, असा व्यवहारातला ठोकताळा आहे. सत्तरला साडेतीन. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी सायन्युरिक ॲसिड असलेल्या तलावात किमान २ पीपीएम सांगते, ती खालची मर्यादा समजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार सायन्युरिक ॲसिड शंभराच्या वर जाऊ नये. ते उडून जात नाही, मोडतही नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे एकदा टाकल्यावर महिन्यातून एकदा मोजायचं आणि कमी झालं तरच वाढवायचं.

इथे पांढऱ्या गोळ्यांचा सापळा आहे. ९० टक्केवाल्या ट्रायक्लोर गोळ्यांमध्ये क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही असतं. दर १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम स्टॅबिलायझर आत येतं. यंत्र बंद असताना वॉचमनने महिनाभर गोळ्या टाकल्या, तर पातळी शंभर ओलांडते आणि मग क्लोरीन भरपूर दिसतं तरी शेवाळ मरत नाही. इथला पाऊस ती पातळ करायला पुरत नाही. मग टँकर.

सेल किती ग्रॅमचा?

स्टॅबिलायझर बरोबर असलं तरी मार्च ते जूनमध्ये आपल्याकडे रोज ३ ते ४ पीपीएम क्लोरीन खर्च होतं असं धरून चाला. ६० हजार लिटरला ते १८० ते २४० ग्रॅम होतात. कॅटलॉगमध्ये एवढ्या तलावासमोर १२-१५ ग्रॅमचा सेल लिहिलेला सापडेल. १५ ग्रॅमच्या सेलला २४० ग्रॅम बनवायला सोळा तास लागतील आणि तेवढे तास पंपही चालवावा लागेल. २५ ग्रॅमचा सेल तेच काम दहा तासांत करतो. एक एचपीचा पंप तासाला साधारण एक युनिट खातो. युनिटला १२ रुपये धरले तर सहा तासांचे दिवसाला ७२, महिन्याला २,१०० रुपये वाचतात. शिवाय सेलचं आयुष्य तासांत मोजलं जातं, त्यामुळे मोठा सेल कमी तास चालून जास्त वर्षं टिकतो. यंत्रात पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

सेल चालवायची वेळ संध्याकाळनंतरची ठेवा. रात्री बनलेलं क्लोरीन ऊन खात नाही, ते जंतूंवर आणि शेवाळावर खर्च होतं. सकाळी लोक उतरायच्या आधी पातळी चढलेली असते. दुपारी एक-दोन तास पंप चालवावा लागतो तो गाळणीसाठी.

विजेबाबत एक गोष्ट स्पष्ट असावी. शेतीच्या जोडणीवर तलाव चालवणं विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापरात मोडतं आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. त्यातून शेतीची वीज पाळीने मिळते, पाळी दिवसाची आली की सेल नेमका उन्हात चालतो. पर्यटन केंद्राला वाणिज्यिक जोडणी घ्या आणि तोच दर हिशेबात घाला. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या फीडरवर कंट्रोल बॉक्सचं कार्ड जळतं, ते वॉरंटीत बसतं का हे आधी विचारा.

बोअरचं पाणी: खर्चाची खरी जागा

ऊन स्टॅबिलायझरने आवरतं. जड पाण्याला असा दीड हजारांचा उपाय नाही.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि काही दशकांतच या पट्ट्यातल्या जमिनी खारवट, चोपण होऊ लागल्या. १९१० सालीच हॅरल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर मुंबई कृषी खात्यासाठी पुस्तिका लिहिली होती. ते क्षार मुरत-मुरत भूजलात गेले आहेत. कालव्याखालच्या गावांत विहीर-बोअरचं पाणी चहाला लागतं, किटलीला पांढरा थर बसतो. हाच थर सेलच्या पट्ट्यांवर बसतो, आणि जास्त वेगाने बसतो, कारण वीज सुरू असताना पट्टीलगत पीएच खूप चढलेला असतो.

आता बाष्पीभवनाचं गणित. उन्हाळ्यात तलावातून दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडतं असं धरा. ४० चौरस मीटरवरून ते ३२० लिटर होतं, महिन्याला साडेनऊ हजार लिटर, म्हणजे एक टँकर. उडतं ते निव्वळ पाणी. कॅल्शियम मागे राहतं. भरायच्या पाण्यात कॅल्शियमचा जडपणा ४०० पीपीएम असेल, तर दर महिन्याला तलावाचा जडपणा ६० च्या वर चढतो. चारशेपासून सुरुवात करून चार महिन्यांत साडेसहाशे. सेलला २०० ते ४०० मानवतं.

म्हणून यंत्र घेण्याआधी पाणी तपासा. बारामतीत शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात माती-पाणी परीक्षण होतं. द्राक्ष-डाळिंबवाल्यांना ही प्रयोगशाळा पाठ आहे. तपासणीचा खर्च यंत्राच्या किमतीपुढे किरकोळ आहे. अहवाल सिंचनाच्या भाषेत येतो, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट मिलिइक्विव्हॅलंटमध्ये लिहिलेलं असतं. दोन्ही आकड्यांना ५० ने गुणा, की तलावाच्या भाषेतले पीपीएम मिळतात. कॅल्शियम ८ आलं तर ४००. बायकार्बोनेट ६ आलं तर अल्कलिनिटी ३००.

अल्कलिनिटी मिठाच्या तलावात ६० ते ८० हवी. तीनशेवरून ऐंशीवर आणायला आपल्या तलावाला ३२ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड २५ लिटरच्या आसपास लागतं. एका दिवसात नव्हे. रोज लिटर-दीड लिटर करत तीन आठवडे. नंतर उन्हाळ्यात भर घातलेल्या पाण्यामुळे महिन्याला पाच-सहा लिटर लागत राहतं, कारण मिठाच्या तलावाचा पीएच नेहमी वर सरकतो. तो ७.२ ते ७.६ मध्ये ठेवला तर थर कमी धरतो. वर्षाला ६० लिटर ॲसिड, लिटरला ३५ रुपये, म्हणजे २,१०० रुपये. फरशी धुण्याच्या बाटलीतलं ॲसिड पातळ असतं, त्यावर हे गणित बसत नाही.

मऊ पाणी कुठून आणायचं? सगळ्यात स्वस्त तुमच्या छपरावरून. शंभर चौरस मीटरच्या पत्र्यावर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर गळती-उधळ वजा जाता ४० हजार लिटर हाती येतं, तलावाचा दोन तृतीयांश. शेततळ्याचा कागद टाकून साठवलं तर उन्हाळाभर भर घालायला पुरतं. झाकलं नाही तर तेही उडून जाईल. कालव्याचं पाणी भाटघर-वीर धरणांतून, सह्याद्रीच्या पावसातून येतं, ते मऊ आहे. पण पाटबंधारे खात्याच्या परवानगीशिवाय उचलता येत नाही. भर घालायच्या नळीवर छोटा सॉफ्टनर बसवणं हाही मार्ग आहे. तो कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडतो आणि मिठाच्या तलावाला सोडियमचं वावडं नाही.

इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्याचं पाणी भरायचा मोह होतो. त्या पाण्यात मुळा-मुठा आणि भीमेतून पुणे-पिंपरीचं सांडपाणी येतं, उन्हाळ्यात काठाला हिरवी साय धरते. अमोनियाच्या रूपातल्या १ पीपीएम नायट्रोजनला मारायला १० पीपीएमच्या आसपास क्लोरीन लागतं. सेलच्या जिवावर हे करायला बसलात तर २५ ग्रॅमचं यंत्र सलग चोवीस तास फुल्ल चालेल आणि मीटरवर क्लोरीन शून्य दिसेल. असं पाणी भरलंच, तर आधी सोडियम हायपोक्लोराईटच्या कॅनने क्लोरीन मागणी भागवा, गाळ बसवून काढा, मग सेल सुरू करा.

सेलवर थर दिसला की पाच ते दहा भाग पाण्यात एक भाग ॲसिड घालून दहा-पंधरा मिनिटं धुतात. ॲसिड पाण्यात घालायचं. पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. दर महिन्याला ‘सर्व्हिस’ म्हणून सेल ॲसिडने धुणारा माणूस तुमचे पैसे धुतोय. प्रत्येक धुण्यात मुलाम्याचा थोडा अंश जातो. आधी उघडून पाहा, पांढरं दिसलं तरच धुवा, आणि स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू देऊ नका.

वर्षाचा ताळेबंद

यंत्र एक लाख धरू, त्यातला नुसता सेल ४५ हजारांचा. वर्षभराची सरासरी रोज २ पीपीएम खर्च धरली तर सेल सरासरी पाच तास चालतो, वर्षाला १,८०० तास. कंपनी १० हजार तास सांगत असेल तर कागदावर साडेपाच वर्षं. जड पाण्यात तो तीन वर्षांत गेला, तर वर्षाला १५ हजार रुपये सेलचेच. सेलची वीज दीडशे वॅटने ३,३०० रुपये, वरून टाकायचं मीठ १०० किलो दीड हजार. एकूण वीस हजार, यंत्राचे लाख रुपये वेगळे.

हेच क्लोरीन कॅनमधून टाकलं तर? दहा टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराईट दिवसाला १.२ लिटर, वर्षाला ४४० लिटर. उन्हात त्याचा जोर ओसरतो म्हणून ५०० लिटर धरू, लिटरला २५ रुपये, साडेबारा हजार. पत्र्याच्या शेडमध्ये दोन महिन्यांचा साठा करून ठेवू नये. पंधरा दिवसांपुरतं आणावं आणि सावलीत ठेवावं. ॲसिड आणि पंपाची वीज दोन्हीकडे साधारण सारखी.

म्हणजे सेल पाच वर्षं टिकवलात तर सेलचे वर्षाला नऊ हजार पडतात आणि दोन्ही मार्ग जवळजवळ बरोबरीला येतात, यंत्राची मूळ किंमत सोडून. तीनच वर्षं टिकला तर मिठाचा तलाव दीडपट महाग. मिठाने पैसे वाचतात हे वाक्य आपल्या भागात कोणी बोललं तर त्याला अहवालातला कॅल्शियमचा आकडा दाखवा.

मग घ्यायचं कोणी? मालक पुण्यात आणि शनिवारीच येतो, शेतावरचा गडी ऊस-जनावरांत गुंतलेला, अशा घराने घ्यावं. तिथे यंत्र माणसाची गैरहजेरी भरून काढतं, त्याचे पैसे द्यायला हरकत नाही. ज्या पर्यटन केंद्रावर रोज माणूस हजर आहे आणि शाळांच्या सहली येतात, तिथे मला कॅन आणि स्टॅबिलायझरच बरं वाटतं. सहलीच्या दिवशी शंभर मुलं उतरली की क्लोरीनची मागणी एकदम चढते. कॅनमधून ती दहा मिनिटांत भागते, सेलला रात्र लागते.

ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर स्वस्त मिळते म्हणून तलावात टाकणारेही आहेत. तिच्यात क्लोरीन तिसरा हिस्सा, उरलेला बराचसा चुना. पाणी गढूळ होतं आणि वर कॅल्शियम वाढतं. आडाला ठीक, तलावाला नको.

मोजणी आणि सावली

ग्रामपंचायतीत जलसुरक्षक वापरतो ती पिवळा रंग देणारी ओटी चाचणी एकूण क्लोरीन दाखवते. कामाचं मोकळं क्लोरीन किती, ते त्यात कळत नाही. तलावाला गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी हवी, थेंबांची घेतली तर उत्तम. क्लोरीन फारच जास्त असेल तर डीपीडीचा रंग उडून पाणी पांढरंच दिसतं आणि लोक आणखी क्लोरीन ओततात. तेव्हा नमुना स्वच्छ पाण्यात निम्मा करून पुन्हा तपासा.

पातळी घसरतेय पण कारण कळत नाही, अशा वेळी एक रात्र खर्च करा. सूर्य मावळल्यावर सेल बंद करून मोजा, उजाडायच्या आत पुन्हा मोजा. रात्रीत १ पीपीएमहून जास्त गेलं तर तलावात शेवाळ किंवा घाण आहे, तिचा बंदोबस्त करा. रात्री टिकतं आणि दिवसा जातं, तर स्टॅबिलायझर कमी आहे. गाळपाच्या हंगामात, दिवाळीपासून मार्चपर्यंत, कारखान्याची काजळी आणि पाचट पेटवल्याची राख पाण्यावर येते. तेव्हा गाळणीचे तास वाढवावे लागतात. शेजारच्या रानात युरिया टाकणं किंवा फवारणी चालू असेल त्या दिवशी तलाव झाकून ठेवा.

झाकण आणि सावली यांचा खर्च एकदाच. इथे शेडनेट प्रत्येक गावात मिळतं. पंच्याहत्तर टक्क्यांचं कापड चौरस मीटरला ४०-५० रुपये धरलं तर सत्तर मीटरला साडेतीन हजार, सांगाडा वेगळा. ऊन कमी, बाष्पीभवन कमी, म्हणजे कॅल्शियमही कमी. एका कापडात तिन्ही रोग हलके होतात. रोज वापर नसेल तर तरंगतं झाकण त्याहून सरस, मात्र झाकलेल्या तलावात सेलचा टक्का कमी करायला विसरू नका, नाहीतर क्लोरीन वाढून झाकणच खराब होतं.

खारं पाणी सोडायचं कुठे?

याचा विचार इथे सगळ्यात आधी व्हायला हवा आणि होतो सगळ्यात शेवटी. तलावाच्या पाण्याची ईसी (क्षार दाखवणारी विद्युतवाहकता) ६ च्या आसपास असते. सिंचनाच्या पाण्याची ईसी ३ च्या वर गेली की ते पाणी धोक्याचं मानतात. ऊस, द्राक्ष दोघांनाही ते सोसत नाही. तलाव एकदा रिकामा केला की २०० किलो मीठ तुमच्या किंवा खालच्या शेजाऱ्याच्या रानात जातं. आठवड्याच्या बॅकवॉशचे ५०० लिटर धरले तर वर्षाला २६ हजार लिटर, त्यात पाऊण ते एक क्विंटल मीठ. ज्या पट्ट्यात शंभर वर्षांपासून चोपण जमिनी सुधारायला चर खणले जाताहेत, तिथे हे पाणी पाटात सोडणं म्हणजे भांडणाला निमंत्रण. कॅनच्या क्लोरीननेही पाणी हळूहळू खारं होतं, पण बरंच सावकाश.

ज्या उन्हाने क्लोरीन नेलं तेच इथे कामाला येतं. पाच मीटर बाय चार मीटरचा उथळ खड्डा, त्यात शेततळ्याचा कागद, आणि बॅकवॉशची नळी त्यात. आपल्याकडे वर्षाचं बाष्पीभवन पावसाच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे एवढ्या खड्ड्यात वर्षाचं पाणी जिरून न जाता उडून जातं. तळाला उरलेलं मीठ खरवडून गोणीत भरता येतं. कागदाची आणि खोदाईची किंमत यंत्राच्या कोटेशनमध्येच धरा.

काठाच्या फरशीचंही पाहा. शहाबादी फरशी मिठाने पापुद्रे सोडते, बेसॉल्ट टिकतो. शिडी ३०४ स्टीलची असेल तर गंजाचे डाग पडतात, ३१६ मागा.

कोटेशनवर सही करण्याआधी विक्रेत्याकडून या गोष्टी लेखी घ्या: सेल तासाला किती ग्रॅम क्लोरीन देतो आणि ते किती मिठाच्या पातळीवर, वॉरंटी वर्षांची की तासांची, आणि जड पाण्यामुळे थर बसला तर ती लागू राहते का, नुसता सेल बदलायची आजची किंमत, पट्ट्यांची दिशा आपोआप उलटून थर झाडण्याची सोय आहे का, आणि बिघाड झाला तर माणूस बारामतीतून येणार की पुण्यातून, येण्याजाण्याचे पैसे कोण देणार. पाणी वाहत नसेल तर सेल बंद करणारा फ्लो स्विच बसवताना तुमच्या समोर तपासून घ्या. सेलमध्ये क्लोरीनबरोबर हायड्रोजनही तयार होतो, आणि पाणी थांबलेलं असताना तो साचतो. पुढे कधी स्विच बिघडला आणि इलेक्ट्रिशियन म्हणाला, ‘साहेब, तात्पुरता डायरेक्ट करून देतो’, तर त्याला तिथेच थांबवा आणि नवा स्विच येईपर्यंत कॅनमधून क्लोरीन टाका. ॲसिडचा कॅन आणि क्लोरीनचा कॅन एका फळीवर ठेवू नका. दोन्हींची वाफ एकत्र आली तरी विषारी वायू होतो. ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि टीसीएल किंवा हायपोची पावडर एका डब्यात, एका मगातसुद्धा मिसळू देऊ नका, त्यांचा भडका उडतो. पंपघराला खिडकी ठेवा आणि किल्ली अशाच माणसाकडे द्या, ज्याला हे एकदा समोर उभं राहून समजावलं आहे.